हेळव्याच्या वहीत नसलेली नावं

ताई, नमस्कार.

मी कागल तालुक्यातल्या एका खेड्यातली. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी थोरली आत्या स्तनाच्या कॅन्सरनं ३९व्या वर्षी गेली, तेव्हा मी नववीत होते. धाकट्या आत्यालाही तीन वर्षांपूर्वी, ४६व्या वर्षी, तेच निघालं. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता ती बरी आहे. बाबांची आई माझ्या जन्माआधीच 'पोटात गोळा होऊन' गेली, एवढंच घरात सांगतात. मला कॅन्सरच्या जनुकांवर संशोधन करायचं आहे. पण मला ६२ टक्केच आहेत, माझा प्रोजेक्ट हळदीच्या अर्काचा जिवाणूंवर काय परिणाम होतो यावर आहे, आणि इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढं माझा निभाव लागेल का? नेट परीक्षेशिवाय वाटच नाही का? बाबा म्हणतात बी.एड. कर आणि शाळेत लाग. शिवाय घरातला आजार चारचौघांत सांगत फिरू नको, तुझं आणि बहिणीचं अजून ठरायचंय. आई म्हणते, आजार आत्यांचा, तू तर माझ्यावर गेलीस, तुला काही होणार नाही. मला वाटतं माझीच जनुकं तपासावीत आणि तिथूनच संशोधनाला सुरुवात करावी. करू का?

– स., ता. कागल


प्रिय स.,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न चार-सहा महिने थांबू शकतात, हा थांबू नये. स्वतःची जनुकं तपासून संशोधन सुरू करू नकोस. तुमच्या घरात तपासणी मात्र व्हायला हवी, आणि तिची सुरुवात तुझ्यापासून नको, धाकट्या आत्यापासून व्हावी. आत्या का गेली हे शोधणं आणि कॅन्सर जनुकशास्त्रातली संशोधक होणं, ही दोन कामं तुझ्या मनात एक होऊन बसली आहेत. पहिलं दवाखान्यातलं काम आहे, काही महिन्यांचं. दुसरं प्रयोगशाळेतलं, कित्येक वर्षांचं. पहिलं मार्गी लागलं की दुसऱ्यात तुझं डोकं शांत राहील.

आईच्या बोलण्यामागं माया आहे, पण तिचं म्हणणं बरोबर नाही. नाक-डोळे आईवर गेले म्हणून सगळी जनुकं आईकडून आली असं होत नाही. आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबांची. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांबद्दल तू वाचलं असशीलच, डॉक्टर मंडळी त्यांना 'ब्राका' म्हणतात. तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या कामात ती असतात. एका प्रतीत बिघाड घेऊन जन्मलेल्या बाईला स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. पुरुषात तोच बिघाड असला तर बरेचदा आयुष्यभर काहीच दिसत नाही. काहींना प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, क्वचित स्तनाचाही होतो. पण मुलाला किंवा मुलीला तो बिघाड देण्याची त्याची शक्यता बाईइतकीच असते, निम्मी. म्हणजे तुमच्या घरात आजार दिसला आत्यांमध्ये, पण तुझ्यापर्यंतचा रस्ता त्यांच्या भावातून जातो. बाबांमधून. आपल्याकडं डॉक्टरांनी 'घरात कुणाला होता का' असं विचारलं की बायका आई, मावशी, आजोळ एवढंच आठवून 'नाही' सांगतात. वडिलांच्या बहिणी दुसऱ्या घरी गेलेल्या असतात, त्यांना कुणी मोजत नाही. ही चूक मी दवाखान्यात इतक्या वेळा पाहिली आहे की आता मी आत्यांबद्दलच आधी विचारते.

घाबरू नकोस. सगळ्या कॅन्सरांपैकी साधारण ५ ते १० टक्केच वारशानं आलेल्या बिघाडामुळं होतात. बाकीचे बिघाड आयुष्यात मिळवलेले असतात, तंबाखूनं, वयानं, पेशी विभागताना झालेल्या चुकांनी. तुमच्या घरात कदाचित काहीच सापडणार नाही. पण दोन सख्ख्या बहिणींना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर आणि त्यांच्या आईच्या पोटात गोळा, एवढं ऐकल्यावर कुठलाही जाणता डॉक्टर जनुकीय समुपदेशनाला पाठवील. आज्जीचा गोळा बीजांडकोशाचा असेल, जठराचा असेल, कॅन्सर नसेलही. जुनी फाईल, एखादा एक्स-रे, दवाखान्याची चिठ्ठी माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर शोध.

धाकट्या आत्यापासून का? कारण आजार झालेल्या माणसात बिघाड सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिच्यात नेमका कुठला बिघाड आहे हे एकदा कळलं की बाकीच्यांमध्ये तेवढाच तपासायचा असतो, आणि मग 'नाही' या उत्तरालाही अर्थ येतो. उलट तू आधी तपासणी केलीस आणि काही निघालं नाही, तर त्यातून काय समजायचं? बिघाड घरात आहे पण तुला आला नाही, की आत्यांच्या आजारामागं वेगळंच जनुक होतं, की वारशाचा संबंधच नव्हता? तिन्ही गोष्टी शक्य राहतात. शिवाय तपासणीचा उपयोग आत्यालाही आहे. ब्राकाचा बिघाड निघाला तर तिच्या बीजांडकोशाची काळजी कशी घ्यायची, पुढं गरज पडली तर कुठली औषधं लागू पडतील, हे बदलतं. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. आत्याची जिथं ट्रीटमेंट झाली तिथल्या डॉक्टरांना विचारून, सगळी कागदपत्रं घेऊन तिला तिथं किंवा जवळच्या अशा एखाद्या विभागात घेऊन जा. सोबत तू जा. तुझ्याइतकं ते बोलणं घरात दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

बाबांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागात 'त्या घराण्यात आहे' एवढं कुजबुजलं तरी स्थळं मागं फिरतात, हे मला माहीत आहे. म्हणून त्यांना दोन गोष्टी सांग. तपासणीचा निकाल ज्याचा त्याला मिळतो, त्याच्या परवानगीशिवाय तो कुणाला कळवत नाहीत. आणि ही तपासणी कुणावर सक्तीची नसते. धाकट्या आत्याला स्वतःला जाणून घ्यायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे, तू तिच्या मागं लागायचं नाहीस. पण न सांगितल्यानं आजार थांबत नाही. थोरल्या आत्याच्या मुली आहेत का? त्या आता किती वर्षांच्या आहेत? बाबांना हा प्रश्न विचार, उत्तर तुला मिळालंच पाहिजे असं नाही.

आता वहीचं सांगते. तुमच्या गावात हेळवी येत असतील. बैल घेऊन यायचे, दारात उभं राहून घराण्याची वंशावळ वाचून दाखवायचे, कुठल्या मूळ गावाहून आलात, खापरपणजोबांना भाऊ किती. माझ्या लहानपणी हेळवी आला की आजोबा धान्य काढून ठेवायचे आणि आम्ही पोरं उंबऱ्यावर बसून ऐकायचो. माणसांच्या स्मरणात जे उरत नाही ते त्यांच्या वहीत असतं. पण ती वही मुख्यतः मुलग्यांच्या साखळीनं पुढं सरकते. लग्न होऊन गेलेल्या मुली तिथं संपतात. तुला ज्या नावांची गरज आहे, ती नेमकी ही.

तेव्हा साधी दोनशे पानी वही घे. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. आजार झालेला आतून भरायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ. आते-मामे भावंडांत लग्न झालं असेल, आपल्याकडं असतंच, तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. तीन पिढ्या तरी हव्यात. बाबांचे चुलते, आज्जीच्या बहिणी, त्यांच्या लेकी, नाती. आणि प्रत्येक आजारापुढं एक आकडा लिही, आजार कळला तेव्हाचं वय. मृत्यूचं वय वेगळं लिही. आत्या ३९व्या वर्षी गेली हे तू मला लिहिलंस, पण गाठ लागली तेव्हा तिचं वय काय होतं ते लिहिलं नाहीस. छत्तीस असेल, सदतीस असेल. जनुकशास्त्रज्ञ आधी तोच आकडा विचारतो.

त्या आकड्याला एवढं महत्त्व का, हे तू एम.एस्सी.च्या पुस्तकात वाचून पुढं गेली असशील, म्हणून जरा थांबून सांगते. १९७१ साली आल्फ्रेड नडसन या डॉक्टरांनी डोळ्याच्या कॅन्सरचा, रेटिनोब्लास्टोमाचा, एक छोटा अभ्यास छापला. ४८ मुलं. कुठलंही जनुक त्यांनी पाहिलं नाही, तेव्हा ते पाहायची सोयच नव्हती. कुठल्या मुलाला एका डोळ्यात, कुणाला दोन्ही डोळ्यांत, घरात आधी कुणाला होता का, आणि किती महिन्यांचं असताना कळलं, एवढ्याच नोंदी त्यांच्यापुढं होत्या. दोन्ही डोळ्यांचा आजार असलेल्या मुलांना तो लवकर होत होता. आकडेमोड करून त्यांनी म्हटलं की पेशी बिघडायला दोन घाव लागतात, आणि वारशाच्या आजारात पहिला घाव मूल जन्मतःच घेऊन येतं, म्हणून दुसऱ्याची वाट फार पाहावी लागत नाही. ते जनुक हाती लागलं त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८६मध्ये. १९९०मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कॅन्सरचं जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे हे दाखवलं, तेही २३ कुटुंबांच्या वंशावळी हाताशी धरून. त्या कुटुंबांत मिळून १४६ जणांना आजार झालेला होता. सगळी कुटुंबं एकत्र घेतली की काही दिसत नव्हतं. कमी वयात आजार झालेली कुटुंबं वेगळी काढली तेव्हा उत्तर दिसायला लागलं. १९९४मध्ये ते जनुक, म्हणजे बीआरसीए१, प्रत्यक्ष हाती आलं. आज यंत्रं रात्रभरात डीएनएची अब्जावधी अक्षरं वाचतात, तरी त्या अक्षरांना अर्थ येतो तो कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या वयामुळं आणि नात्यामुळं. म्हणून म्हणते, कॅन्सर जनुकशास्त्राचा पहिला धडा तू घरात गिरवणार आहेस. फक्त ही वही आत्याच्या डॉक्टरांसाठी आहे. तुझ्या पीएचडीसाठी नाही.

हे एवढं ठासून सांगायचं कारण माझंच आहे. माझे वडील गडहिंग्लजच्या बाजारात अडत करायचे, चुना-तंबाखूचा बार सतत गालात. निपाणी जवळ, चांगल्या तंबाखूला तोटा नव्हता. मी बी.एस्सी.ला असताना त्यांच्या गालातच जखम झाली आणि दीड वर्षात ते गेले. मी हट्टानं तोंडाच्या कॅन्सरच्याच कामात शिरले. पहिलं वर्षभर समोर आलेला प्रत्येक नमुना मला वडिलांचा वाटायचा. एखादा प्रयोग फसला की दोन-दोन दिवस जेवण जायचं नाही. वाईट म्हणजे, मला हवं तेच उत्तर मी आकड्यांत शोधायला लागले होते. माझ्या गाईड बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला त्या नमुन्यांवरून काढून सहा महिने दुसऱ्या कामावर बसवलं, पेशी वाढवायच्या आणि एका प्रथिनाचं मोजमाप घ्यायचं. तेव्हा अन्याय वाटला होता. आज मी त्यांचे उपकार मानते. तू स्वतःच्या रक्ताच्या निकालाची वाट बघत प्रयोगशाळेत डीएनएचं जेल चालवावंस असं मला अजिबात वाटत नाही. शिवाय एका कुटुंबावरून संशोधनाचं उत्तर निघत नाही, आणि नैतिकता समितीच्या मंजुरीवाचून, संमतीपत्रावाचून घरच्यांचं रक्त तपासायला घेणं नियमातही बसत नाही.

मग संशोधनाचा प्रश्न कुठून आणायचा? तो तुझ्या घराच्या शेजारीच आहे. जनुक वाचल्यावर पुष्कळदा असा बदल सापडतो की तो घातक आहे की निरुपद्रवी हे कुणालाच सांगता येत नाही. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असं लिहून येतं आणि ती बाई कागद हातात घेऊन बसून राहते. असे निकाल आपल्या लोकांत जास्त येतात, कारण जगभरातल्या माहितीच्या साठ्यांत युरोपीय वंशाची माणसं भरपूर आणि आपण थोडे. जीनोम इंडिया प्रकल्पानं १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती अभ्यासकांसाठी खुली झाली, ही त्यातली मोठी गोष्ट. पण अजून काम प्रचंड आहे. तोंडाच्या कॅन्सरचंही तसंच. गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, जिथं आपली माणसं तंबाखू धरतात, तिथल्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि टाटा मेमोरिअलचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक यांनी मिळून केला, २०१३मध्ये तो छापून आला. टीपी५३, कॅस्प८ अशी ओळखीची जनुकं त्यात आहेतच, शिवाय तोवर या आजारात न दिसलेली काही नवी आहेत. तो निबंध मिळव आणि वाच. पहिल्या वाचनात निम्मा कळणार नाही. चौथ्या वाचनात तुझे स्वतःचे प्रश्न सुरू होतील.

हळदीच्या प्रोजेक्टची लाज बाळगू नकोस. कमल रणदिवे हे नाव ऐकलंयस? पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या. कॅन्सरच्या संशोधनात त्यांनी मुंबईत अख्खी पिढी घडवली, स्तनाच्या कॅन्सरचा आणि वारशाचा संबंध ज्यांनी फार आधी ओळखला त्यांच्यातल्या त्या एक. त्यांचा एम.एस्सी.चा प्रबंध १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाला, तो सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. तिथून त्या टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. खानोलकरांकडं गेल्या आणि १९४९मध्ये डॉक्टरेट घेतली. तुला मुलाखतीत हळदीबद्दलच विचारतील. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी अर्काविना ठेवलेला नमुना, कोणता ठेवलास, प्रयोग किती वेळा केलास, अर्क ज्यात विरघळवलास त्या द्रावकानंच जिवाणू मेले नाहीत कशावरून? या तीन प्रश्नांना नीट उत्तर देणारी मुलगी मला कुठल्याही महागड्या प्रोजेक्टवाल्यापेक्षा आवडेल. अजून परीक्षेला वेळ आहे. एखादा कंट्रोल राहिला असेल तर या महिन्यात लाव.

नेटबद्दल. सीएसआयआर-यूजीसीची लाइफ सायन्सेसची नेट ही एकमेव वाट नाही, पण तुझ्यासाठी सगळ्यात सरळ तीच आहे. २०० गुणांचा पेपर, तीन तास, तीन भाग. पैकी १०० गुण तिसऱ्या भागाचे, आणि त्यात पाठांतर चालत नाही, प्रयोगाचे आकडे समोर ठेवून अर्थ विचारतात. खुल्या गटाला एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात, तुझे ६२ पुरेसे आहेत, तो विषय डोक्यातून काढ. नेटमधून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, वर घरभाडं. हे आकडे बाबांना सांग. 'शिकत राहणं' म्हणजे पैसे भरत राहणं असं त्यांना वाटत असणार, आणि त्यात त्यांची चूक नाही, आजवर तसंच होत आलंय. गेटची लाइफ सायन्सेस किंवा बायोटेक्नॉलॉजीची परीक्षा, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) आणि वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) फेलोशिप हेही पर्याय आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्या राज्याच्या संस्थाही पीएचडीला फेलोशिप देतात. तू कशात बसतेस ते त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात सकाळी जागा धरून बसणाऱ्या मुलांत तुझ्या विषयाची दोघं-तिघं शोध आणि एकत्र पेपर सोडवा. पुण्याचा क्लास लावलाच पाहिजे असं मला वाटत नाही.

पीएचडीसाठी जागा कुठल्या? खारघरचं ॲक्ट्रेक, पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, हैदराबादला सीसीएमबी आणि सीडीएफडी, कल्याणीची ती संस्था, तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी केंद्र. पण लांबचीच नावं घेऊ नकोस. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठात रेणू जीवशास्त्र आणि जनुकशास्त्राचा विभाग आहे, आणि तिथं आपल्याच भागातल्या रुग्णांच्या जनुकांवर काम झालेलं आहे. कोल्हापूरहून एसटीनं दोन तास. एकदा जाऊन ये.

नेट पहिल्या झटक्यात निघालं नाही तर घरी बसून पुन्हा तेच पुस्तक घोटत राहू नकोस. प्रयोगशाळांना प्रोजेक्ट असिस्टंट लागतात, संस्थांच्या जाहिराती येतात, थेट मुलाखती होतात. पगार थोडा, नोकरी कच्ची, पण वर्षभरात मेणाच्या ठोकळ्यातल्या गाठीतून डीएनए काढणं, पीसीआर लावून त्याच्या प्रती वाढवणं, नमुन्यांची नोंद ठेवणं हे हाताला येतं आणि मुख्य म्हणजे हे आयुष्य आपल्याला झेपतं का ते कळतं. एकच सावधगिरी. भरमसाट पैसे घेऊन पंधरा दिवसांत 'कॅन्सर जीनोमिक्सचं प्रमाणपत्र' देणाऱ्या जाहिराती तुला दिसतील. त्यात बाबांच्या उसाचे पैसे घालू नकोस. निवड करताना त्या कागदाकडं कुणी पाहत नाही.

त्यापेक्षा विद्यापीठातल्या संगणकावर बस. अमेरिकेत २००६मध्ये कॅन्सर जीनोम ॲटलस नावाचं काम सुरू झालं. ३३ प्रकारचे कॅन्सर, ११ हजारांवर रुग्ण, आणि त्यातली बरीच माहिती कुणालाही फुकट पाहता येते. सीबायोपोर्टल नावाच्या संकेतस्थळावर तर प्रोग्रॅमिंग न येताही पाहता येते. एक जनुक निवड. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ते किती रुग्णांत बिघडलंय, तंबाखू खाणाऱ्या आपल्या रुग्णांच्या त्या २०१३च्या निबंधात किती, फरक दिसतो का, दिसत असेल तर का असावा? दोन पानं लिही. मग आर किंवा पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला घे, लिनक्सची भीती मोड. आपल्या विभागात डीएनए वाचणारं यंत्र, सिक्वेन्सर, नाही म्हणून अडून बसायचे दिवस गेले. बिघाड शोधण्याचं निम्मं काम आता कीबोर्डवर होतं, आणि त्या कामाला माणसं कमी पडतात. तुला उभं राहून हातानं प्रयोग करायला आवडतं की बसून आकडे सोडवायला, हेही यातून तुझं तुला कळेल.

ती दोन पानं हातात असली की पत्र लिही. 'मला कॅन्सर संशोधनाची तीव्र आवड आहे' अशी पत्रं शास्त्रज्ञांना रोज येतात आणि बहुतेक न वाचता जातात. तू असं लिही की तुमचा अमुक निबंध वाचला, त्यातल्या तिसऱ्या आकृतीत तरुण रुग्णांचे आकडे वेगळे का काढले नाहीत हे मला कळलं नाही, मी खुल्या माहितीवर असं करून पाहिलं, सोबत जोडलंय, तुमच्याकडं सहा महिने शिकायला मिळेल का. दहा ओळी पुरे. दहा जणांना लिहिशील तर आठ जण उत्तर देणार नाहीत. ते मनाला लावून घेऊ नकोस.

इंग्रजीचं मला खरंच फार वाटत नाही. प्रयोगशाळेतलं इंग्रजी चारशे-पाचशे शब्दांत फिरतं आणि त्यातले निम्मे तुला आताच येतात. रोज एका निबंधाचा सारांश मोठ्यानं वाच, पुस्तक मिटून तोच मैत्रिणीला मराठीत समजावून सांग, मग इंग्रजीत. मराठीत सांगता आला नाही तर तो इंग्रजीमुळं अडलेला नाही, समजलेलाच नाही. पुण्या-मुंबईची मुलं भराभर बोलतात. पण खाडे न करता काम करणारी, चूक झाली तर वहीत 'चूक झाली' असं लिहिणारी मुलं कमी असतात. पहाटे पाचला वैरण-पाणी उरकून कॉलेजला येणाऱ्या मुलीला शिस्त शिकवावी लागत नाही.

आता कटू आहे तेही सांगते. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. तू एकोणतीस-तीसची होशील. त्यानंतरही पक्की नोकरी लगेच मिळेल असं नाही, बहुतेकांना आणखी दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करावं लागतं, घरापासून लांब. एकेक वर्ष असं जातं की हाती काहीच लागत नाही. माझं तिसरं वर्ष तसंच गेलं. एक नमुना दुसऱ्याच्या नावानं ठेवला गेला होता, चूक माझीच होती, आणि ती सापडेपर्यंत आठ महिन्यांचं काम टाकावं लागलं. हे ऐकून पाऊल मागं घ्यावंसं वाटलं तर ते घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या दवाखान्यांच्या रेणू-निदान प्रयोगशाळांना चांगली माणसं हवी आहेत. जनुकीय समुपदेशनाचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम निघाले आहेत. मराठीत, आपल्या बायकांना कळेल असं बोलणारे समुपदेशक किती थोडे आहेत हे मी रोज बघते. एकदा चंदगडकडची एक बाई अहवाल घेऊन माझ्यापुढं बसली होती. तिनं जनुकाचं नावही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "हे माझ्या पोरीला आता सांगू, का तिचं बाळंतपण होऊ दे?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुझ्या पत्राचा सूर पाहून वाटतं की प्रयोगशाळेपेक्षा त्या खुर्चीत तू जास्त रमशील, हेही शक्य आहे. आत्याबरोबर समुपदेशनाला जाशील तेव्हा समोरच्या माणसाचं काम नीट बघ. ते काम तुला आपलं वाटलं तर मला कळव.

बी.एड.बद्दल बाबांशी भांडू नकोस. त्यांच्याकडं दोन वर्षं माग. दोन वर्षांत नेटचे जितके प्रयत्न होतील तितके, आणि मधे प्रोजेक्टची नोकरी. त्यात जमलं नाही तर त्यांचं ऐकेन असं मनापासून सांग, आणि सांगितलंस तर पाळ.

दिवाळी तोंडावर आली आहे. भाऊबीजेला धाकटी आत्या माहेरी येईल. ओवाळणी झाली, जेवणं झाली, बाबा जरा आडवे झाले की स्वयंपाकघरात तिच्याशेजारी बैस. आधी तिला विचार, बोललेलं चालेल का. चालेल म्हणाली तर वही उघड आणि तिच्या आजाराबद्दल विचारू नकोस. तिच्या आईबद्दल विचार. आज्जीचं माहेर कुठलं, तिला बहिणी किती होत्या, त्यांना कुठल्या गावांत दिल्या, त्या किती वर्षं जगल्या. ती नावं तिलाच माहीत असणार.

तुझी,
ताई